हात कापतो म्हणून बाजेवर बसवू नका



पिकावर रोग आला की आपण पान उलटून पाहतो, शेंडा पाहतो, मुळाशी माती उकरून पाहतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात कापू लागला, चाल मंद झाली, की मात्र "वय झालं, चालायचंच" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत विस्ताराच्या कामासाठी गावोगाव हिंडताना हे चित्र मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. ओसरीवर बाज टाकलेली असते. बाजेवर आजोबा बसलेले असतात. एका हाताचा अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलत असते. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. मुले मायेने म्हणतात, "अण्णा, लई कष्ट केले तुम्ही. आता काही करायचं नाही, बसून खायचं."

असे म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण त्या कापण्याचे कारण पार्किन्सन हा आजार असेल, तर बसून राहण्याने माणूस लवकर परावलंबी होतो. या आजारात औषधाच्या जोडीला रोज दम लागेल इतके चालणे फार मोलाचे आहे, असे गेल्या काही वर्षांतल्या संशोधनातून पुढे आले आहे. शरीर हलते ठेवले तर मेंदूतल्या पेशींनाही त्याचा लाभ होतो, असे दिसू लागले आहे. या व्यायामाला पैसा लागत नाही. म्हणून हा विषय आपल्या घरांपर्यंत पोचावा असे वाटते.

आजार काय आहे?

लंडनमधले एक डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे नीट वर्णन करणारा निबंध लिहिला. पुढे त्यांचेच नाव आजाराला पडले. आपल्याकडे वैद्य मंडळी याच लक्षणांना कंपवात म्हणत आली आहेत. तेव्हा हा आजार परक्या देशाचा किंवा श्रीमंतांचा आहे असे समजू नये. मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन एक पाहणी झाली होती. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे ३२८ जणांना हा आजार आढळला. पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण जास्त, म्हणून हा आकडा आपल्या गावांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण जिथे माणसे दीर्घायुषी होतात तिथे हा आजार दिसणारच, एवढे त्यावरून कळते. आपल्या गावांतही आता सत्तरी-पंचाहत्तरी गाठणारी माणसे पुष्कळ आहेत.

मेंदूच्या मध्यभागी, खालच्या अंगाला, काळसर रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हात उचलावा, पाऊल टाकावे, मान वळवावी, असा हुकूम सुटला की तो सुरळीत पार पडायला हे द्रव्य लागते. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. पेशींच्या आत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात आणि पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावते. नवल असे की, बऱ्याच पेशी जाईपर्यंत बाहेर काहीच कळत नाही. हात कापू लागतो तोवर या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. उरलेल्या पेशी जपणे म्हणूनच महत्त्वाचे.

ओळखावा कसा?

हात कापला म्हणजे पार्किन्सनच, असे नाही. कप धरताना किंवा सही करताना दोन्ही हात कापत असतील आणि मांडीवर ठेवले की थांबत असतील, तर तो बहुधा निराळा कंप असतो. पार्किन्सनचा हात साधारणपणे विसाव्याला असताना कापतो आणि सुरुवात एकाच बाजूने होते. काही जणांचा हात तर कापतच नाही. त्यांच्यात नुसती मंदी आणि ताठरपणा असतो, आणि म्हणूनच त्यांचा आजार उशिरा कळतो.

घरच्यांनी पुढील खुणांवर नजर ठेवावी. चालताना एक हात झुलत नाही, अंगाला चिकटून राहतो. पाऊल घासत पडते. सदऱ्याची गुंडी लावायला, धोतराचा काचा खोचायला वेळ लागतो. गाईची धार काढताना एक हात मागे पडतो. माउलीला भाकरी थापताना एका हाताला गती राहत नाही. बँकेतली सही बारीक बारीक होत जाते. आवाज बसतो. फोडणीचा वास येईनासा होतो. शौचाला साफ होत नाही. झोपेत माणूस ओरडतो, हातपाय झाडतो. वास जाणे, बद्धकोष्ठ आणि झोपेतली झटापट या खुणा तर कापरे येण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतात. खांदा दुखतो म्हणून वाताचे तेल चोळण्यात वर्ष जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते, असेही घडते.

अशा दोन-चार खुणा एकत्र दिसल्या तर गावात अंदाज बांधत बसू नये. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथे औषधवैद्यक विभागात दाखवावे. ते गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. चक्कर, उलटी आणि मानसिक आजार यांवरच्या काही गोळ्यांनीही पार्किन्सनसारखी लक्षणे येतात आणि गोळी बदलली की ती बहुधा कमी होतात.

गोळी म्हणजे टँकर, व्यायाम म्हणजे गाळ काढणे

लातूरकरांना एप्रिल २०१६ विसरता येणार नाही. धरण आटले, विहिरी आटल्या आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. त्या पाण्याने शहराची तहान भागली. पण रेल्वेच्या पाण्याने विहिरीचे झरे वाहू लागत नाहीत. त्यासाठी गाळ काढावा लागतो, नाल्यावर बांध घालावा लागतो, पाणी मुरवावे लागते.

पार्किन्सनच्या गोळीचे असेच आहे. लेव्होडोपा हे यावरचे मुख्य औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले आणि आजही त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. ते मेंदूत पोचून डोपामिन बनते. म्हणजे कमी पडलेले पाणी बाहेरून आणून ओतते. त्याने हात सैल होतो, पाऊल उचलते, माणूस माणसात येतो. पण मरणाऱ्या पेशी वाचवण्याचे काम हे औषध करते, असे सिद्ध झालेले नाही. झरे जपण्यासाठी काही करता येईल काय, हा शास्त्रज्ञांपुढचा मोठा प्रश्न आहे. व्यायामाकडे त्यांचे लक्ष गेले ते यामुळेच.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले?

आधी प्रयोग झाले ते उंदरांवर. औषध देऊन त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी मारल्या आणि काही उंदरांना रोज पट्ट्यावर पळवले. अशा पुष्कळ प्रयोगांत पळणाऱ्या उंदरांच्या पेशी बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त टिकल्या. व्यायामाने मेंदूत एक वाढद्रव्य जास्त तयार होते, हेही दिसले. शास्त्रज्ञ त्याला बीडीएनएफ म्हणतात. आपण पेशींचे शेणखत म्हणू. ते पेशीला जगवते आणि तिच्या फांद्या शेजारच्या पेशीपर्यंत पोचवते. शिवाय रक्तपुरवठा सुधारतो आणि पेशीची ऊर्जायंत्रणा नेटाने चालते.

उंदरांचे झाले, माणसांचे काय? अमेरिकेतल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली आला. आजार नुकताच कळलेल्या आणि अजून गोळी सुरू न केलेल्या १२८ जणांचे तीन गट केले. एका गटाला फिरत्या पट्ट्यावर जोरात चालवले, दुसऱ्याला मध्यम गतीने, तिसऱ्याला नेहमीसारखे राहू दिले. व्यायाम आठवड्यातून चार दिवस, तीस मिनिटांचा ठरवला होता. सहा महिन्यांनी आजाराचे गुण मोजले. हे गुण वाढले म्हणजे आजार वाढला. नेहमीसारख्या राहिलेल्या गटाचे गुण सरासरी ३.२ ने वाढले, मध्यम गटाचे २ ने. जोरात चालणाऱ्यांचे वाढले केवळ ०.३. म्हणजे आजार जवळपास जागच्या जागी राहिला.

नेदरलँड या देशात १३० जणांची अशीच चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१९ साली आला. निम्म्या लोकांना घरातच जागेवरची सायकल दिली. आठवड्यातून तीनदा, तीस ते पंचेचाळीस मिनिटे ती मारायची. उरलेल्यांना फक्त अंग ताणण्याचे व्यायाम दिले. सहा महिन्यांनी, गोळीचा अंमल उतरलेला असताना तपासले, तेव्हा दोन्ही गटांत ४.२ गुणांचा फरक पडला होता. सायकलवाले बरे होते. पुढे २०२२ साली त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकल मारणाऱ्यांच्या मेंदूत हालचालीशी संबंधित भागांतली जोडणी सुधारली होती आणि मेंदू सुकण्याचे प्रमाण कमी दिसले.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने आणखी एक पाऊल टाकले. दहा रुग्णांकडून सहा महिने, आठवड्यातून तीनदा, जोरदार व्यायाम करून घेतला. आधी आणि नंतर मेंदूची चित्रे घेतली. त्या काळसर पट्ट्यातल्या पेशींची जी खूण या आजारात वर्षागणिक फिकट होत जाते, ती उलट थोडी ठळक झाली होती. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला.

दहा माणसे म्हणजे फार थोडी. एका वाफ्यातले पीक पाहून शिवाराचा अंदाज बांधू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा व्यायामाने पार्किन्सन बरा होतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आज खात्रीने सांगता येते ते एवढे: दम लागेल असा नियमित व्यायाम करणाऱ्याची हालचाल अधिक चांगली राहते, आणि पेशींनाही त्याचा फायदा होत असावा असा पुरावा जमू लागला आहे. बसून राहण्याच्या बाजूने मात्र एकही पुरावा नाही.

शेतातले काम म्हणजे व्यायामच की!

हा प्रश्न हमखास येतो. "साहेब, आमचा जन्म मातीत गेला. आम्हाला कसला व्यायाम सांगता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागेल.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. नांगराच्या तासाची रुंदी २० सेंटिमीटर धरली, तर एक एकर नांगरताना माणूस बैलांमागे सुमारे २० किलोमीटर चालतो. पाच एकर नांगरले तर शंभर किलोमीटर झाले. नांदेडहून लातूरला पायी निघाल्यासारखेच ते. पुढे वखरणी, पेरणी, कोळपणी हे वेगळेच. आपल्या आजोबांचे चालणे असे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, वावरात जायला मोटारसायकल आहे आणि मळणी यंत्राने होते. यात वाईट काही नाही. जनावरांचे आणि माणसांचे हाल कमी झाले. पण चालणे गेले, हेही खरे.

उरलेली कामे कष्टाची आहेत, पण निराळ्या जातीची. खुरपायला बसले की कंबर मोडते, पण छातीचा ठोका फारसा वाढत नाही. पोते उचलले की दम लागतो, पण दोन मिनिटांत काम संपते. घरात माउली दिवसभर उभी असते, पण चार पावले इकडे, चार पावले तिकडे. मेंदूला उपयोगी पडणाऱ्या व्यायामात छातीचा ठोका वाढून तो अर्धा तास तसाच वाढलेला राहावा लागतो. एरोबिक व्यायाम म्हणतात तो हाच. झपाझप चालणे, सायकल मारणे, पोहणे हे त्यात येते. अंग आखडलेल्या माणसाला शेतकाम अवश्य करू द्यावे, त्याने हात चालता राहतो. पण त्या कामाला चालण्याचा बदली गडी समजू नये.

चालावे कसे?

प्रथम डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार, छातीत दुखणे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचे मोठे दुखणे असेल तर त्यांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी. वर सांगितलेल्या चाचण्यांत लोकांचे हृदय तपासून मगच त्यांना जोरात चालवले होते.

गोळी लागू पडलेली असते तेव्हा चालावे. साधारणपणे गोळी घेतल्यावर तासाभराने अंग मोकळे होते. ती वेळ रुग्णाला स्वतःला बरोबर कळते.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर यावे. पहिली पाच मिनिटे हळू, शेवटची पाच मिनिटे हळू, मधला वेळ झपाझप. आठवड्यातून निदान चार दिवस हा नेम मोडू नये.

जोर किती असावा, यासाठी यंत्र नको. चालता चालता दोन शब्द बोलता यावेत, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढा दम लागला म्हणजे गती बरोबर. अभंग आरामात म्हणता येत असेल तर पाय उचलावा. शब्दही फुटत नसेल तर गती कमी करावी. छातीत दुखले, घेरी आली तर लगेच थांबून दवाखाना गाठावा.

बांधावरून चालू नये. तोल जाण्याचा धोका या आजारात मोठा असतो. सपाट सडक, शाळेचे पटांगण किंवा खळ्याची मोकळी जागा निवडावी. मागे पट्टा असलेले पायताण घालावे, सपाता घालू नयेत. सुरुवातीला नातवाला किंवा शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. या आजारात उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून बाजेवरून उठताना आधी दोन मिनिटे कडेला बसावे, मग उभे राहावे.

आपल्याकडचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या वर जातो. मार्च ते जून या महिन्यांत उजाडता उजाडता चालून घ्यावे, पाणी पिऊन निघावे. पावसाळ्यात चिखल असेल तेव्हा लांब ओसरीत किंवा देवळाच्या मंडपात फेऱ्या माराव्यात.

तोल जातो अशांनी सडकेवर सायकल चालवू नये. घरात जुनी सायकल असेल तर गावातल्या वेल्डरकडून पक्की लोखंडी घोडी करून घ्यावी, मागचे चाक अधांतरी ठेवावे आणि ती भिंतीलगत घट्ट बसवावी. जागेवरची सायकल तयार झाली.

पाय जमिनीला चिकटला तर

या आजारात कधी कधी दारातून निघताना किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. अशा वेळी ओढाओढ करू नये, माणूस पडतो. "अण्णा, थांबा. आता एक, दोन, एक, दोन," असा ताल द्यावा. किंवा जमिनीवर आडव्या रेघा ओढून "ही रेघ ओलांडा" म्हणावे. आपसूक चालण्याची मेंदूतली वाट अडली, तरी तालाची आणि नजरेची वाट मोकळी असते.

नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला दहा वर्षांपासून हा आजार होता. चार पावले चालला की पाय अडकून तो पडे. तोच माणूस सायकलवर बसला की सरळ जाई, वळे आणि परत येई. जे गेले असे वाटते ते सगळेच गेलेले नसते, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. तिथेच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि घरची माणसे एकत्र जमतात, व्यायाम करतात, एकमेकांना धीर देतात. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्थाही हेच काम करते. आपल्या गावात नृत्याचा वर्ग नसेल, पण टाळ-मृदंग तर आहे! दिंडीची पावली म्हणजे तालावर टाकलेले पाऊलच. हरिपाठाला आजोबांना मागे बसवू नये, टाळ हातात देऊन पावलीत उभे करावे. एक धडधाकट माणूस शेजारी असला म्हणजे झाले.

गोळी, जेवण आणि खाजकुयली

व्यायाम सुरू केला म्हणून गोळी बंद करू नये. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. गोळीची वेळ घड्याळ लावून पाळावी. वरण, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांमुळे गोळी शोषण्यात अडथळा येतो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. प्रथिने सोडू नयेत, फक्त वेळ सांभाळावी. पालेभाजी, काकडी, भरपूर पाणी आणि चालणे यांनी बद्धकोष्ठही कमी होते.

बांधावरच्या खाजकुयलीबद्दलही लोक विचारतात. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखर असते. आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे काढून दाखवले होते. पण प्रत्येक बीमध्ये ते सारखे नसते. गोळी चालू असताना वरून बियांची पूड खाल्ली तर दुप्पट मात्रा होऊन अंग वेडेवाकडे हलू लागणे, भास होणे, रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

फवारणी करणाऱ्यांनी ऐकावे

शेतकऱ्याच्या मेंदूचा विषय निघाला की फवाऱ्याचे नाव घ्यावेच लागते. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांचा आणि फवारणी करणाऱ्यांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनॉन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळले. म्हणून फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होईल असे नाही. पण औषध अंगावर घेऊ नये, एवढे शहाणपण त्यातून शिकावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्या शेजारीच घडले. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, काम संपताच साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, हे नेम पाळावेत. सोयाबीनमध्ये कोळप्याने तण निघत असेल तर तेवढी फवारणी वाचवावी.

घरच्या माणसांसाठी दोन शब्द

या आजारात चेहरा कोरा होतो. त्यामुळे घरच्यांना वाटते की यांना कशाचेच काही नाही. तसे नसते. आतला माणूस जागा असतो. आपण निरुपयोगी झालो हे त्याला सलत असते. काही जणांच्या मनाला उदासी येते, आणि ती आजाराचाच भाग असते. तीही डॉक्टरांना सांगावी.

त्यांच्या हातून काम काढून घेऊ नये. वेळ लागला तरी सदऱ्याची गुंडी त्यांची त्यांनाच लावू द्यावी. शेंगा फोडणे, बियाणे निवडणे, गुरांना वैरण टाकणे, ही कामे त्यांच्याकडे ठेवावीत. वावर विकायचे की ठेवायचे, यंदा तूर किती आणि सोयाबीन किती पेरायचे, हे त्यांना विचारावे. उत्तर सावकाश येईल. तेवढा वेळ थांबावे.

सगळा भार मात्र एकट्या आजीवर किंवा सुनेवर पडू नये. रात्री उठवणे, गोळ्या देणे, अंघोळ घालणे यात तीही थकते. चालवायला नेण्याचे काम मुलाने किंवा नातवाने उचलावे. आठवड्यातले चार दिवस, दिवसाचा अर्धा तास. मोबाईलवर याहून जास्त वेळ जातो.

आजार आपल्या हातात नाही. तो हळूहळू पुढे सरकेल, हे कबूल करावे लागेल. पण किती वर्षे आजोबा स्वतःच्या पायाने वावरात जातील, किती वर्षे आजी स्वतःच्या हाताने भाकरी थापेल, यात थोडे तरी आपल्या हातात आहे. हा मजकूर घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. कुणाच्या अंगात वर सांगितलेल्या खुणा दिसत असतील तर येत्या आठवड्यातच तालुक्याला किंवा जिल्ह्याला दाखवून यावे. आजार आधीच कळलेला असेल तर डॉक्टरांना विचारून उद्या सकाळी पायताण घालून सडकेला लागावे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत.